आरक्षणाच्या नोटिशीसाठी घेतलेली वकिली सेवा: पाचपैकी चार

आमच्या वडिलोपार्जित ११ गुंठे जमिनीवर नगरपालिकेच्या विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण आहे. सातबारा आमच्या नावावर असूनही बांधकामाची परवानगी मिळत नाही, आणि संपादन झालेले नसल्यामुळे मोबदलाही नाही. यातून सुटण्यासाठी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खालील नोटीस, जिला सगळे ‘परचेस नोटीस’ म्हणतात (जमीन घ्या, नाहीतर आरक्षण सोडा असे नगरपालिकेला कळवणारी), ती आम्ही एका वकील कार्यालयाकडून करून घेतली.

तारखांच्या बाबतीत हे कार्यालय फार काटेकोर आहे. आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाल्यावरच ही नोटीस देता येते. आधीच्या सल्लागाराने मात्र आराखड्याची अधिसूचना राजपत्रात आली त्या दिवसापासून दहा वर्षे मोजून मसुदा हातात दिला होता. इथल्या वकीलबाईंनी मूळ अधिसूचना मागवली आणि आराखडा अमलात येण्याची तारीख प्रसिद्धीनंतर किमान एक महिन्याने ठरवलेली असते, हे त्यातल्या ओळीवर बोट ठेवून दाखवले. जुना मसुदा तसाच पाठवला असता, तर तो मुदतीच्या एकोणीस दिवस आधी पोहोचून निकामी ठरला असता. चारही वारसांच्या सह्या, फेरफार आणि मोजणी नकाशा जोडल्याशिवाय त्यांनी नोटीस पुढे जाऊ दिली नाही. मालकीची कागदपत्रे नोटिशीसोबत देणे कायद्यातच आहे, पण आमच्या ओळखीतले दोघे तिथेच अडले होते.

नोटीस मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो आपल्याही जमिनीला खुला होतो. ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीने एवढी लांबली, आणि मालकाच्या दृष्टीने ती मला जाचकच वाटते. मात्र नुसता ठराव करून सरकारकडे प्रस्ताव धाडणे म्हणजे ‘पाऊल’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितले आहे, हा मुद्दा त्यांनी नीट समजावला.

एक गुण कापला तो फीसाठी. ठरलेल्या रकमेत सर्व काही धरलेले आहे असे सांगून नंतर नकलांचा आणि टायपिंगचा खर्च वेगळा लावला. शिवाय मोबदल्याऐवजी टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यावा का, या प्रश्नाला दोनदा विचारूनही सरळ उत्तर मिळाले नाही.

नोटिशीच्या पोचेवर आवक विभागाचा शिक्का पुसट उमटला, तेव्हा त्यांच्या कारकुनाने तिथेच उभे राहून दुसरा मारून घेतला. चोवीस महिने त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.