पक्षाघातात मेंदूचा रक्तप्रवाह मोजताना : गॅडोलिनियम की चुंबकीय खूण?

पक्षाघाताच्या रुग्णात मेंदूचा कोणता भाग रक्ताअभावी उपाशी असूनही वाचवता येण्याजोगा आहे, हे एमआरआयने दोन प्रकारे पाहता येते. पहिल्या पद्धतीत शिरेतून गॅडोलिनियम (एमआरआयचा संदेश बदलणारे औषध) वेगाने सोडतात आणि ते मेंदूतून जाताना हा संदेश किती व केव्हा घटतो, हे साधारण दीड-दोन मिनिटांत टिपतात. त्यावरून काढलेला टीमॅक्स, म्हणजे त्या भागात रक्त पोहोचायला होणारा उशीर, ६ सेकंदांहून अधिक असलेला भाग धोक्यातला मानतात. २०१८ च्या डिफ्यूज-३ चाचणीत, ६ ते १६ तासांनंतरही गुठळी काढण्यासाठी रुग्ण निवडताना हाच निकष वापरला होता.

दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे एएसएलमध्ये (आर्टेरियल स्पिन लेबलिंग), औषध लागत नाही. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातल्या पाण्यावरच चुंबकीय खूण केली जाते, त्यामुळे मूत्रपिंड निकामी झालेल्यांना ती सोयीची ठरते. मात्र ही खूण काही सेकंदांतच विरते. आडवाटेने, उशिरा पोहोचणारे रक्त तोवर ओळखीपलीकडे गेलेले असते, आणि प्रवाह आहे त्याहून कमी भासतो. पक्षाघातात नेमके हेच घडते. शिवाय चार-पाच मिनिटे निश्चल पडून राहणे अस्वस्थ रुग्णाला कठीणच. म्हणून तातडीच्या निर्णयासाठी गॅडोलिनियम, तर नंतरच्या वारंवार तपासण्यांसाठी एएसएल मला अधिक योग्य वाटते.