पाळण्याच्या झुंबरांची ऑर्डर आणि खोटी वकिली नोटीस

‘घरबसल्या पाळण्याची झुंबरं शिवा, एका नगाला 120 रुपये, सामान आमचं, तयार माल आम्हीच घेऊ’ अशी जाहिरात गरोदर बायांच्या आणि शिवणकाम करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये फिरत असते. ती टाकणाऱ्यांनी मला फसवलं. डिपॉझिटचे अडीच हजार गेले, पण तो यातला लहान भाग. खरा फास नंतरच्या नोटिशीत आहे, आणि दिवस भरत आलेल्या बाईच्या गळ्यात तो कसा अडकवतात हे सगळ्यांना कळायला हवं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपासच भाव मिळत होता. घरात पैशाची ओढाताण होती. मला सातवा लागला होता आणि मधल्या खोलीत बाळासाठी जागा करायचं काम चाललं होतं. भिंतीला नवा रंग दिला, बंगईच्या कड्यांना तेल घातलं, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची दुपटी शिवली. नव्या कापडापेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडंच लेकराच्या अंगाला बरं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. क्रोशाची टोपडी मी विणत होते. त्या दुपट्यांचे आणि भिंतीवर लावलेल्या कागदी फुलांचे फोटो मी टाकले, आणि त्यावरून एका बाईचा मेसेज आला.

बोलणं फार गोड. “ताई, हात किती सफाईचा आहे तुमचा. कितवा महिना?” तारीख विचारली, माहेरी कधी जाणार ते विचारलं, मातृवंदना योजनेचा हप्ता जमा झाला का तेही विचारलं. त्या वेळी ही आपुलकी वाटली. आता कळतं की कोणत्या महिन्यात दबाव आणायचा आणि खात्यात किती पैसे असतील, याची ती नोंद चालली होती.

मग कंपनीची कागदपत्रं आली. पुण्याचा पत्ता, जीएसटी नंबर, करारनामा. हत्तीची 40 झुंबरं, एका नगाला 120, म्हणजे 4,800 रुपये. त्यासाठी 2,500 रुपये डिपॉझिट, पहिला माल पोचला की परत. करारनाम्याची प्रिंट काढून सही करून फोटो पाठवायचा, सोबत आधार आणि पॅनचा फोटो. यजमानांनी करार वाचला, दुकानदारासारखीच भाषा होती, त्यांना काही वावगं दिसलं नाही. पैसे पाठवले. काही दिवसांनी खोकं आलंही. ही टोळी सामान खरोखर पाठवते. म्हणूनच संशय येत नाही.

या खोक्याबद्दल नीट सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे. फेल्ट कापडाचे कापलेले तुकडे, दोरा, प्लास्टिकच्या कड्या, मणी, आणि भरायला पांढरा कृत्रिम कापूस. कापड इतकं हलकं की ओल्या बोटाला गुलाबी रंग लागायचा. मण्यांना भोकं धड नव्हती. तान्ह्या बाळाच्या तोंडावर टांगायच्या वस्तूला असे सुटणारे मणी लावू नयेत हे कुणीही सांगेल, पण नमुन्यात होते म्हणून पक्क्या गाठी मारून लावले. मोजणी केली तर कड्या 36, झुंबरं 40. भरायचा कापूस जेमतेम पंचवीस हत्तींपुरता. एका हत्तीचे कान तर आलेच नव्हते.

मी फोन केला. बाई म्हणाली, “ताई, थोडंफार इकडेतिकडे होतं, तुम्ही घरचं वापरून पूर्ण करा, आम्ही समजून घेऊ.” हे फोनवर सांगितलं, लिहून दिलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, “कापसाची काय कमी हाय आपल्याकडं?” कोठीतला कापूस काढला आणि ओसरीवर बसून हातानं सरकी काढली. सरकी काढलेला कापूस बोटांनी पिंजून, विरळ करून त्या हत्तीच्या पोटात भरत. सोंडेत भरताना विणायच्या सुईच्या टोकानं ढकलत, म्हणजे सोंड वाकडी पडत नाही. कडेनं काजटाका मी घालत होते. कान नसलेल्या हत्तीला त्यांनी मामाजींच्या जुन्या सदऱ्याच्या निळ्या चौकड्यांचे कान लावले. शेजारच्या दोघी दुपारी वावरातून आल्या की दोरे ओवून द्यायच्या. चार कड्या आम्ही बाजारातून आणल्या. माल सुरेख झाला होता, हे मी आजही सांगेन.

स्पीड पोस्टानं पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, पूर्ण ऑर्डर नापास. कारण काय, तर भराव कंपनीचा नाही, कड्या वेगळ्या, एका नगाचं कापड वेगळं. करारातलं कलम 7, ‘कंपनीने पुरवलेल्या साहित्याव्यतिरिक्त साहित्य वापरल्यास कराराचा भंग’. दंड 18,600 रुपये.

यातली चाल लक्षात घ्या. सामान मुद्दाम कमी पाठवायचं. आहे तेवढ्यात केलं तर नग कमी भरतात, म्हणजे भंग. घरचं घालून पूर्ण केलं तर साहित्य वेगळं, म्हणजेही भंग. कोणी कितीही नीट काम केलं तरी तो माल पास होणारच नसतो.

नंतर वकिलाची नोटीस आली. लेटरहेड, तराजूचं चित्र, लाल शिक्का. 48 तासांत रक्कम भरा, नाहीतर फौजदारी गुन्हा आणि अटक. मग ‘वकिलाचा’ फोन, मग दुसऱ्या माणसाचा, तो स्वतःला पोलीस स्टेशनमधून बोलतोय म्हणायचा. यजमान घरी नसण्याच्या वेळेलाच हे फोन यायचे. “मॅडम, तुम्ही प्रेग्नंट आहात, कस्टडीत डिलिव्हरी करायची आहे का? आज रात्री गाडी पाठवतो. घरच्यांना सांगितलंत तर त्यांचंही नाव टाकावं लागेल.” मातृवंदनेचा पहिला हप्ता, 3,000 रुपये, खात्यात जमा झाला होता. तो त्यांनी ‘तात्पुरता भरणा’ म्हणून घेतला. त्यानंतर फोन थांबले नाहीत, उलट वाढले. एकदा पैसे दिलेली बाई पुन्हा देईल असाच त्यांचा हिशेब असतो.

तपासणीला आशाताई आल्या तेव्हा बीपी वाढलेलं निघालं. आधी कधीच नव्हतं. त्यांनी पट्टा सोडवला आणि विचारलं, “काय झालं व माय? जेवत नाही का झोपत नाही? का घरी कोणी बोललं?” सगळं त्यांच्यापुढे बाहेर पडलं. सासूबाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, “तुले कोन नेते ते पाहतोच मी. आन तो फोन माह्याजवळ.” त्या दिवसापासून बाळंतपण होईपर्यंत माझा फोन त्यांच्या कमरेच्या बटव्यात होता.

संध्याकाळी यजमानांनी 1930 वर फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. पैसे कोणत्या खात्यातून, कधी, कोणत्या व्यवहार क्रमांकानं गेले हे विचारतात, म्हणून तो मेसेज पुसू नका. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. आमचे नंतरचे 3,000 अडवले गेले, ते गोठवलेले आहेत, अजून हातात आलेले नाहीत. डिपॉझिट केव्हाच पुढे निघून गेलं होतं.

नोटिशीची भीती मात्र मनातून जात नव्हती. ती गेली दारव्ह्याच्या कोर्टात, तालुका विधी सेवा समितीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हती. तिथल्या वकील मॅडमनी नोटीस वाचली आणि एकेक करून सगळं मोडीत काढलं.

नोटिशीवर सनदेचा क्रमांक नाही. करारनामा 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरचं चित्र चिकटवून केलेला, आणि महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून अशा कामाला 500 चा स्टॅम्प लागतो. कंपनी पुण्याची म्हणवते, पण जीएसटी नंबर 07 नं सुरू होतो. महाराष्ट्राचा नंबर 27 नं सुरू होतो, 07 दिल्लीचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की नोंद कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. तिथे भलत्याच धंद्याचं नाव निघालं.

त्या म्हणाल्या, करार खरा असता तरी माल नापास होणं हा दिवाणी वाद आहे, त्यात अटक होत नाही. दंडाचा आकडा करारात कितीही लिहिला असला तरी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाई किती ते कोर्ट ठरवतं, फोनवरचा माणूस नाही. आणि ‘रात्री गाडी पाठवतो’ याचं उत्तर त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून दाखवलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 43. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं आधी लेखी कारण देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. ते वाचल्यावर त्या रात्री मला झोप लागली.

आधारचं बायोमेट्रिक आम्ही एमआधार ॲपवरून लॉक केलं. पोलिसांत तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 आहे आणि धमकी देऊन पैसे उकळण्याचं 308. तक्रार देताना दोन्ही गोष्टी सांगा, नाहीतर फक्त डिपॉझिटचीच लिहिली जाते आणि धमक्या राहून जातात.

तक्रारीनंतर वाशीम जिल्ह्यातल्या एका ताईशी बोलणं झालं. तिचा आठवा महिना होता आणि तिला झुंबरांऐवजी तोरणांची ऑर्डर होती. तिच्या करारनाम्यावरचा स्टॅम्पपेपरचा नंबर आणि माझ्यावरचा एकच. तिनं नऊ हजार भरले होते, मंगळसूत्रातले मणी मोडून, आणि घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी लिहायला बसले ती तिच्यामुळे. ज्या बाईनं अजून कुणाला सांगितलेलं नाही तिला माझं एवढंच म्हणणं आहे की सासू, नवरा, आशाताई, अंगणवाडीताई, ज्याच्यापाशी धीर होईल त्याला आजच सांगा. या लोकांचा सगळा धंदा तुम्ही गप्प राहण्यावर चालतो. कोर्टात जाणं होत नसेल तर 15100 वर फोन करा, विधी सेवेचा तोच क्रमांक आहे.

तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा’ म्हणणारा फोनही येतो. मला आला. तो नंबर आम्ही पोलिसांना दिला.

घरी बसून शिवणकाम हवंच असेल तर आपल्या बचतगटातून, बचतगटांसाठीच्या सरकारी उमेद अभियानातल्या ताईंमार्फत मागा. आमच्या गटाला यंदा तोरणांचं काम मिळालं, सामान मोजून सहीवर मिळतं आणि कुणी डिपॉझिट मागितलं नाही.

चाळीस झुंबरं त्यांनी परत केलीच नाहीत. मुलगी झाल्यावर महिन्याभरानं नव्या नावाची तशीच जाहिरात दिसली, ‘आमच्या सभासद भगिनींचे काम’ म्हणून फोटो घातलेला. फोटोत पुढच्या रांगेत एक गुलाबी हत्ती आहे, निळ्या चौकड्यांच्या कानांचा. नाव कोणतंही असो, तो हत्ती दिसला तर डिपॉझिट भरू नका, आणि जाहिरातीचा फोटो काढून 1930 च्या तक्रारीला जोडा.