चुंबकाला न जुमानणारं घड्याळ: दहा महिन्यांनंतर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना. मागांची दुरुस्ती मीच बघतो, त्यामुळे स्क्रू ठेवायचा मॅग्नेटिक ट्रे, डायल गेज या मोजमापाच्या साधनाचा मॅग्नेटिक बेस दिवसभर मनगटाशेजारी. वडिलांचं चावीचं घड्याळ मी याच सवयीपायी दोनदा बिघडवलं. हेअरस्प्रिंग म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारी केसासारखी बारीक गुंडाळी; तिच्यात चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, कामाची लांबी घटते आणि घड्याळ पळत सुटतं. म्हणून पैसे साठवून ओमेगा सीमास्टर अक्वा टेरा घेतलं, 41 मिमीचं, आतलं यंत्र कॅलिबर 8900. किंमत विचारू नका, घरीसुद्धा अजून खरी सांगितलेली नाही.

साध्या अँटी-मॅग्नेटिक घड्याळाचं मानक 4,800 अँपिअर प्रति मीटर, म्हणजे चुंबकी जोर मोजायच्या दुसऱ्या एककात साधारण 60 गॉस. हे 15,000 गॉस सोसतं. जुना उपाय म्हणजे यंत्राभोवती मऊ लोखंडाची डबी. इथे डबीच नाही. हेअरस्प्रिंग सिलिकॉनची, बाकी नाजूक भागही चुंबकाला दाद न देणाऱ्या धातूंचे. म्हणूनच मागच्या काचेतून आतलं सगळं दिसतं.

पण माझा जीव जडला तो एस्केपमेंटवर, म्हणजे स्प्रिंगचा जोर टिकटिक करत थोडाथोडा सोडणाऱ्या रचनेवर. नेहमीच्या लिव्हर एस्केपमेंटमध्ये चाकाचा दात पॅलेटच्या, म्हणजे त्याला अडवून सोडणाऱ्या तरफेच्या, खड्यावरून घासत जातो. तिथे तेल लागतंच, आणि ते सुकलं की चाल बिघडते. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज कारागिराने घासण्याऐवजी ढकलण्याची को-अ‍ॅक्सियल रचना शोधली. ओमेगाने ती 1999 मध्ये बाजारात आणली. ज्याने मागाच्या कॅमला ग्रीस पाजण्यात निम्मं आयुष्य घालवलंय, त्याला यातली गंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आमचे जॉबर काका, म्हणजे मागांवरचे मुकादम, विचारतात, "बॅटरी नाही म्हणता, मग चालतंय कशावर ओ?" मी हात हलवून रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, दाखवतो. तो दोन्ही दिशांना चावी भरतो, दोन बॅरलमध्ये, म्हणजे मुख्य स्प्रिंगच्या डब्यांत, 60 तासांची. शनिवारी संध्याकाळी काढून ठेवलं तरी सोमवारी सकाळी चालूच असतं.

कंपनीचा दावा दिवसाला 0 ते 5 सेकंद पुढे. माझं दोनच्या आसपास, म्हणजे महिन्याला मिनिटभर. वडील गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे, मी मोबाइलवर. मे महिन्यातल्या उकाड्यातही चाल तीच राहिली, घामाने मनगट मात्र चिकचिकलं. तारीख झटकन बदलायची सोय नाही. तासकाटा एकटा उड्या मारत फिरवायचा. परदेशी जाणाऱ्याला ही रचना सोयीची. माझी धाव अक्कलकोट-पंढरपूरपर्यंत, मला तिचा काय उपयोग!

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आधी आमच्या जुन्या घड्याळजींकडे सहज गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून मागच्या काचेतून दहा मिनिटं बघितलं, मग चुंबकत्व शिरलंय का बघायला सवयीने वर होकायंत्र धरलं. सुई हलली नाही. त्यांनी ते पुन्हा एकदा धरून बघितलं.