सार्जंट पेपरचा मोनो एलपी: पैसे वसूल, फक्त कोंबडी सोडून

बीटल्सचा 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' हा अल्बम घरात स्टिरिओमध्ये (डाव्या-उजव्या कानात वेगळा आवाज) आधीच होता, तरी 2014 मध्ये आलेला मोनो (सगळा आवाज एकत्रच) एलपी म्हणजे तबकडी घेतली आणि "तेच ते परत कशाला" हे घरच्यांचं बोलणं खाल्लं. पण खरंच सांगतो, तेच ते नाहीये. 'शीज लीव्हिंग होम' लावा आणि शेजारी पेटी घेऊन बसा, स्टिरिओ पांढरी तीनच्या आसपास लागतं आणि मोनो थेट पांढरी चारला, म्हणजे अख्खा अर्धा स्वर वर, गाणंही जरा पळतं आणि आठ-नऊ सेकंद आधी संपतं. स्टिरिओतला तो रडका सूर गायबच. एकदा हे ऐकलं की जुनं व्हर्जन ओढत नेल्यासारखं वाटतं. 'लूसी इन द स्काय'चं उलट, ते मोनोत थोडं संथ आहे आणि आवाजावरचं ते फेजिंग, म्हणजे आवाज गरगरल्यासारखा करणारा इफेक्ट, कितीतरी जास्त.

असं का, तर 1967 ला इंग्लंडात बहुतेकांच्या घरी मोनोच प्लेअर, त्यामुळे ॲबी रोड स्टुडिओत सगळी मेहनत मोनो मिक्सवर (मिक्स म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेलं शेवटचं रूप), बँडवाले स्वतः समोर बसून. स्टिरिओ मिक्स नंतर निर्माता जॉर्ज मार्टिन आणि रेकॉर्डिंग इंजिनिअर जेफ एमरिक वगैरे मंडळींनी बँडशिवाय भराभर उरकला. आणि तेव्हा मिक्सिंग म्हणजे कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवायची गोष्ट थोडीच, फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) हाताने, टेपचा स्पीड कमीजास्त करायचा तो पण हाताने, इफेक्ट टेप चालू असतानाच टाकायचे, मग दुसऱ्यांदा तंतोतंत तसंच कसं येणार? त्यात मूळ रेकॉर्डिंग चार ट्रॅकवर, जागा संपली की चार ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर एका ट्रॅकमध्ये कोंबायचे, ते नंतर सुटे होत नाहीत, म्हणून स्टिरिओत बरेचदा वाद्यांचा गठ्ठा एका कानात आणि गाणारा दुसऱ्या कानात. हेडफोनवर मला तरी त्रास होतो.

एलपीचं म्हणाल तर दिलेले पैसे वसूल आहेत. 2009 च्या मोनो सीडी डिजिटल होत्या, हा मात्र मूळ मास्टर टेपवरून डिजिटल टप्पा न घेता कट केलाय, 180 ग्रॅमची जाड तबकडी, ड्रम आणि बेस अक्षरशः छातीवर येतात. रिप्राइजच्या (शीर्षकगीत शेवटी पुन्हा येतं त्याच्या) शेवटी गर्दीच्या गोंगाटात पॉल मॅकार्टनी जे ओरडतो ते स्टिरिओत जवळपास पुसलंच गेलंय, इथे स्पष्ट.

तक्रार एकच. 'गुड मॉर्निंग' गाण्याच्या शेवटी कोंबडीच्या आवाजातून पुढच्या गाण्याची गिटार निघते ती गंमत स्टिरिओत अगदी चपखल जुळलीय, मोनोत सांधा ढिला आहे. आणि हेडफोनवरच ऐकणार असाल तर जॉर्ज मार्टिनचा मुलगा जाईल्स याचा 2017 चा स्टिरिओ रीमिक्स घ्या, त्याने मोनोचाच जोर समोर ठेवून केलाय.

जुनी ब्रिटिश कॉपी शोधत असाल तर विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका, कव्हर अदलाबदल झालेली असतात. तबकडीच्या लेबलाजवळ गाण्यांनंतरच्या मोकळ्या भागात कोरलेला नंबर उजेडात तिरका धरून बघा, एक्सईएक्स असेल तर मोनो, वायईएक्स असेल तर स्टिरिओ.