मदत कुठे कराल? रेफरल ग्रुप, सॅटर्डे क्लब, असोसिएशन की रोटरी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत धंदा सुरू केला की थोड्याच दिवसांत कुणीतरी विचारतं, "आमच्या मीटिंगला येता का?" व्यावसायिकांच्या अशा गटाची फी भरण्याआधी बहुतेक जण एकच हिशेब मांडतात, इथून मला काम किती मिळेल. माझं म्हणणं, त्याच्या आधी दुसरा हिशेब मांडा: तिथल्या माणसांच्या उपयोगी पडेल असं तुमच्याकडे काय आहे? कुठे जायचं ते त्यावरून ठरवा.

सगळ्यात जास्त बोलावणी येतात ती बीएनआयची. हा रेफरल ग्रुप, म्हणजे सदस्यांनी एकमेकांना ग्राहक सुचवायचे (रेफरल द्यायचे). आयव्हन मायस्नर यांनी १९८५ साली अमेरिकेत ही संस्था सुरू केली. एका चॅप्टरमध्ये, म्हणजे स्थानिक गटात, एका व्यवसायाचा एकच सदस्य, दर आठवड्याला बैठक, आणि आधी दुसऱ्याला काम मिळवून द्यायचं हे तत्त्व. घराशी संबंधित सेवांना हे फार मानवतं. घोडबंदर रोडला किंवा उलव्यात एका कुटुंबाला फ्लॅटचं पझेशन मिळालं की इंटिरियरवाला, मॉड्युलर किचन, ग्रिल, एसी, विमा अशी एकामागून एक कामं निघतात. त्या घरात जो पहिला पोचतो, तो बाकीच्यांना आत नेऊ शकतो.

मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता नंबर पाठवला म्हणजे मदत झाली असं नाही. आधी ग्राहकाला विचारावं, मग काम काय, बजेट किती, फोन कधी केलेला चालेल हे आपल्या माणसाला सांगून गाठ घालून द्यावी. त्याने काम बिघडवलं तर ग्राहक आपल्यालाच जाब विचारतो. म्हणून नव्या सदस्याचं काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचं नाव सुचवू नये, मग बैठकीत आपण दिलेल्या रेफरलचा आकडा कमी दिसला तरी चालेल. या आकड्यांच्या दडपणाखाली पुष्कळ पोकळ रेफरल दिले जातात आणि मला हाच या पद्धतीचा मोठा दोष वाटतो. हजेरीचा नियमही कडक आहे. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा गैरहजर राहिलात तर जागा जाऊ शकते. एकट्याने दुकान सांभाळणाऱ्याने हे आधी नीट पाहावं.

माधवराव भिडे यांनी सुरू केलेला सॅटर्डे क्लब मराठी उद्योजकांचा आहे. नोकरदार घरातून पहिल्यांदाच धंद्यात आलेल्या माणसाला भाव कसा सांगायचा, उधारी कशी मागायची हे आपल्या भाषेत, संकोच न बाळगता विचारता येणं ही मोठी सोय आहे. पण वाशीच्या एपीएमसीतल्या व्यापाऱ्यांना माल पुरवायचा असेल तर केवळ मराठी वर्तुळ पुरणार नाही.

कारखानदाराला मात्र मी निःसंकोच असोसिएशन, म्हणजे त्या भागातल्या कारखानदारांची संघटना, सुचवेन. वागळे इस्टेटला ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, खाडीपलीकडच्या पट्ट्यात ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन. इथे तुमचा स्पर्धक तुमच्या शेजारीच बसतो. रेफरल ग्रुप त्याला मुद्दाम बाहेर ठेवतो, पण जॉबवर्कच्या, म्हणजे दुसऱ्याच्या ऑर्डरप्रमाणे काम करून देण्याच्या धंद्यात खरी मदत बहुतेकदा त्याच्याकडूनच होते. तुमचं सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन बंद पडलं आणि माल उद्या जायचा आहे, अशा वेळी रबाळ्याचा दुसरा वर्कशॉपवालाच उपयोगी पडतो. तुमच्याकडे काम जास्त झालं की तुम्ही त्याच्याकडे वळवता. छोटा लॉट हीट ट्रीटमेंटला कोण घेतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतिपत्र कुठे अडतं, ही माहितीही त्याच्याचकडे असते.

थकलेल्या पेमेंटचंही तसंच. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी. ज्याने एकदा अशी तक्रार केली आहे त्याने दुसऱ्याची कागदपत्रं अर्धा तास बसून लावून दिली, तर ती ओळख वर्षानुवर्षं टिकते. इथे आठवड्याला आकडे सांगायचे नसतात, त्यामुळे फळ उशिरा दिसतं, पण मिळणारी पार्टी मोठी असते.

रोटरीची सुरुवात पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत केली. तेव्हा सदस्य एकमेकांना धंदाही देत, पुढे भर सेवेवर गेला. रक्तदान शिबिर, शाळांची कामं मनापासून करायची असतील तर जरूर जा. कामं मिळवायला जाऊ नका, चार दिवसांत ते लोकांच्या लक्षात येतं.

थोडक्यात, ग्राहकाच्या घरात जाणारी सेवा असेल आणि दर आठवड्याची सकाळ देता येत असेल तर रेफरल ग्रुप, पहिल्या पिढीचा धंदा आणि मराठी ग्राहक असेल तर सॅटर्डे क्लब, मशीन असेल तर असोसिएशन. पहिल्या वर्षी दोन ठिकाणी फी भरू नका. दोन्हीकडे अर्धवट जाणाऱ्यावर कुणी विसंबत नाही. जागा जवळची बघा. कारखाना ऐरोलीत आणि बैठक कासारवडवलीला असेल तर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्येच उत्साह संपेल.

पैसे भरण्याआधी पाहुणा म्हणून जाऊन या. बैठक संपल्यावर चहाच्या वेळी जुन्या सदस्यांना विचारा, गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का. आणि तुमच्याच व्यवसायातला तिथे आधी कुणी होता का, हेही विचारा. असेल तर त्याला फोन करून मगच ठरवा.