अल्जेरिया, मोरोक्को की ट्युनिशिया? स्थानिक कारभाराच्या अभ्यासासाठी देश निवडताना

लघुप्रबंधासाठी उत्तर आफ्रिकेतला स्थानिक कारभार घ्यायचं ठरलं, की प्रश्न येतो देश कोणता. पायऱ्या मोजत बसलात तर तिन्ही सारखेच वाटतील. त्यापेक्षा एवढंच बघा: सरकारने नेमलेला माणूस किती खालपर्यंत पोचतो आणि लोकांनी निवडलेला कुठे बसतो.

समजायला सगळ्यांत सोपा अल्जेरिया. तळाला १,५४१ बलदिया म्हणजे नगरपालिका-ग्रामपंचायतींसारखी एककं, वर दायरा, त्यावर विलाया. आपल्या ‘विलायत’चं मूळही याच अरबी शब्दात आहे. विलाया १९७४ मध्ये ३१ होत्या, १९८४ मध्ये ४८ झाल्या, २०१९ अखेर ५८; त्यामुळे आकड्यासोबत साल लिहायला विसरू नका. प्रत्येक विलायेचा क्रमांक गाडीच्या नंबराच्या शेवटी असतो: १६ दिसलं की ती अल्जीअर्सची, ३१ दिसलं की ओरानची. बलदियेला आणि विलायेला निवडलेली सभा आहे, पण विलायेचा प्रमुख वली राष्ट्राध्यक्षच नेमतात. मधल्या दायऱ्याला तर सभाच नाही. तहसीलदार आहे पण पंचायत समिती नाही, असा तालुका डोळ्यांसमोर आणा. जिल्हा परिषद शिकलेल्याला इथली तुलना लगेच जमते.

मोरोक्कोत १२ प्रदेश, ७५ प्रांत व प्रीफेक्चर (म्हणजे शहरी प्रांत) आणि तळाला १,५०३ कम्यून, तिथल्या बलदियाच. (दक्षिणेकडच्या प्रदेशांत वादग्रस्त पश्चिम सहाराही धरलेला आहे, नकाशा काढताना ते नमूद करा.) इथली खरी गंमत तळाशी आहे. सरकारने नेमलेला अधिकारी शहरात ‘पाशा’, ग्रामीण भागात ‘कायद’, त्याच्या हाताखाली शेख आणि मुकद्दम. मुकद्दम म्हणजे आपलाच ‘मुकादम’ शब्द. रहिवासी दाखला हवा असेल, तर तुम्ही त्या घरात खरंच राहता का, हे विचारलं जातं त्याला. गल्लीतलं घर न् घर त्याला पाठ. पण तो गृहखात्याच्या साखळीतला. निवडलेल्या कम्यूनचा त्याच्यावर हुकूम चालत नाही. फ्रेंच येत असेल आणि तिथे जाऊन राहता येत असेल, तरच हा देश घ्या. कागदपत्रांवरून मुकद्दम कळत नाही.

माझा कल ट्युनिशियाकडे आहे. २४ विलायांचे वली, त्यांखालचे मुतमद, अगदी तळच्या ‘इमादा’ या एककाचा प्रमुख ‘उमदा’, सगळी नेमलेली माणसं. निवडलेली बलदिया ही वेगळी रांग. पूर्वी २६४ बलदिया होत्या आणि गावखेड्यांतली बरीच वस्ती त्यांच्या बाहेरच होती. २०१४ च्या राज्यघटनेने स्थानिक सत्तेला स्वतंत्र प्रकरण दिलं, संख्या ३५० झाली, सगळा देश बलदियांत आला. मे २०१८ च्या निवडणुकीत निवडून आलेल्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या, आणि सुआद अब्दर्रहीम राजधानी ट्युनिसच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. मार्च २०२३ मध्ये, मुदत संपायला दोनेक महिने उरले असताना, राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी सगळ्या परिषदा बरखास्त केल्या. मार्च २०२२ नंतर मुंबई महापालिकेतला प्रशासक ज्यांनी अनुभवला, त्यांना नगरसेवक नसलेलं शहर म्हणजे काय हे सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये मतदान झालं ते बलदियांसाठी नव्हे, तर वेगळ्या, नव्या स्थानिक परिषदांसाठी. पहिल्या फेरीत ते १२ टक्क्यांपर्यंतही पोचलं नाही.

दहा वर्षांत सत्ता खाली आली आणि परत वर गेली, हे इतकं स्पष्ट बाकी दोन देशांत दिसत नाही. तेव्हा वाढलेल्या ८६ बलदियांपैकी एखादी धरा. तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक २०१८ ची, आणि दुसरी अजून झालेली नाही.