पाणी किती ते सांगतं, कुठून आलं ते नाही : बोटीच्या इंजिन ऑइलसाठी हायड्राइड किट

डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसेपर्यंत थांबणाऱ्यांना उशीर झालेला असतो. डोळ्यांना पाणी दिसू लागतं तोवर बेअरिंगवर गंज धरायला आणि तेलातली झिंकची रसायनं पाण्याने फुटायला सुरुवात झालेली असते. त्याआधीचा टप्पा पकडायचा असेल, तर तेलातलं पाणी मोजणारं कॅल्शियम हायड्राइडचं किट आमच्या मते घेण्याजोगं आहे. नर्मदाकाठी चांदोदच्या घाटावर डिझेल इंजिनाच्या नावा चालवणारे किंवा बडोद्यात पुराच्या वेळी लागणाऱ्या बचावबोटी सांभाळणारे, म्हणजे ज्यांच्याकडे एकाहून जास्त इंजिनं आहेत, त्यांना ते नक्की उपयोगी पडेल.

पेटीत जाड भिंतीची बाटली, झाकणात बसवलेला दाबमापक, सिरिंज, रॉकेलच्या जातीचं द्रावक आणि हायड्राइडच्या सीलबंद पुड्या असतात. मोजून घेतलेलं तेल द्रावकात मिसळायचं, पुडी फोडून टाकायची, झाकण घट्ट लावायचं, हलवायचं आणि किटच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबायचं. पुडीतली भुकटी तेलातल्या पाण्याशी भिडते आणि हायड्रोजन सुटतो. आकड्यांत सांगायचं तर ५ मिलि तेलात ०.२ टक्के पाणी म्हणजे साधारण १० मिलिग्राम, आणि त्यातून १३-१४ मिलि हायड्रोजन निघतो. बाटलीतली मोकळी जागा १०० मिलि धरली, तर दाब सुमारे ०.१४ बार चढतो. आपण मोजतो तो हा दाब.

बहुतेक चुका याच आकड्यांत दडलेल्या आहेत. बंद बाटलीतली हवा १० अंशांनी तापली, तर तिचाच दाब ०.०३ बारहून जास्त वाढतो. म्हणजे घाटाच्या पायरीवर, उन्हात चाचणी केली की जवळपास ०.०५ टक्के पाणी नुसतं उन्हाचं निघतं. तेल, द्रावक आणि बाटली तिन्ही सावलीत एका तापमानाला येऊ द्या, मगच सुरुवात करा. बाटली पाण्याने धुवायचीच नाही. पाण्याचा एक थेंब सुमारे ०.०५ मिलि असतो, आणि ५ मिलि नमुन्यात तो एकटा १ टक्का दाखवतो. पेट्रोलनेही धुवू नका, त्याची वाफ दाब चढवते. कोरडं रॉकेल आणि धागे न सोडणारं फडकं पुरेसं आहे. नमुना सिरिंजमध्ये ओढण्याआधी मिनिटभर जोरात हलवा, कारण पाणी तळाशी बसतं आणि वरचं तेल निर्दोष दिसतं.

झाकण उघडताना जवळ विडी, स्टोव्ह, ठिणगी काही नको. आत हायड्रोजन असतो. उरलेली भुकटी डोळ्यांना आणि त्वचेला भाजते, तेव्हा चष्मा आणि हातमोजे हवेतच. वापरलेलं मिश्रण नदीत किंवा गटारात ओतू नका.

तव्यावरची चाचणी फुकट आहे आणि किट असलं तरी आधी तीच करावी. विजेची हॉटप्लेट १५० अंशांच्या आसपास तापवून तेलाचा एक थेंब टाकायचा. काहीच झालं नाही, तर पाणी साधारण ०.०५ टक्क्याच्या आत आहे. बारीक बुडबुडे येऊन लगेच विरले, तर ०.०५ ते ०.१. मोठे बुडबुडे मध्याकडे जमून फुगले, तर ०.१ ते ०.२. ऐकू येण्याइतकी तडतड म्हणजे ०.२ किंवा त्याहून जास्त. तेलाची पातळी वाढली आहे पण थेंब शांत आहे, तर संशय डिझेलवर घ्या. गळका इंजेक्टरही खालचा तेलाचा चेंबर भरतो, आणि मग तेल पातळ होऊन त्याला वास येतो. बोटीत, पेट्रोलच्या वासात ही चाचणी कधीही करू नये.

किटचा आकडा वाचताना एक पथ्य पाळा. त्याच कंपनीचं, त्याच ग्रेडचं नवं तेल आधी मोजून ठेवा आणि तो आकडा पायाभूत धरा. ०.१ टक्क्याला लक्ष ठेवायचं, ०.२ ला कारण शोधायचं, ०.५ ला इंजिन बंदच ठेवायचं.

कारण मात्र किट सांगत नाही. तिथे नमुना कधी घेतला, याला आकड्याइतकंच महत्त्व आहे. थोड्या-थोड्या फेऱ्या मारणाऱ्या इंजिनात तेल पुरेसं तापत नाही, आणि हवेतल्या बाष्पाचं आतच पाणी होतं. तेल भरायच्या झाकणाखाली पिवळसर साय धरते, पण डिपस्टिक स्वच्छ असते. असं दिसलं तर इंजिन तासभर लोडवर चालवा, तेल ८० अंशांच्या वर जाऊ द्या आणि पुन्हा मोजा. आकडा उतरला तर ते बाष्प होतं. तिथेच राहिला किंवा चढला, तर कुठून तरी गळतं आहे.

ऑइल कूलर फुटला असेल तर आणखी एक खूण मिळते. इंजिन चालू असताना तेलाचा दाब ३-४ बार असतो, पाण्याचा सहसा १ बारच्या आत. त्यामुळे चालू इंजिनात तेल पाण्यात जातं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. पाणी तेलात शिरतं ते इंजिन थांबल्यावर. म्हणून संध्याकाळी बोट लावताना एक नमुना आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी दुसरा घ्या. सकाळचा तळाचा नमुना, म्हणजे ड्रेन बोल्ट जरा सैल करून पडलेले पहिले थेंब, निव्वळ पाण्याचे निघाले, तर कूलर उतरवून त्याच्या तेलाच्या मार्गाचं एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून हवा भरा, पाण्याचा मार्ग उघडाच ठेवा आणि पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघा.

पाण्याच्या पंपाखालचं छोटं छिद्र रंगाने किंवा ग्रीसने बुजलेलं नाही ना, ते बघा. दोन सीलांमधून झिरपलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ते दिलेलं असतं. छिद्र बुजलं की तेच पाणी टायमिंग कव्हरमार्गे चेंबरमध्ये जातं. यात दोष पाच मिनिटांत सापडतो, पण तपासतं क्वचितच कुणी.

ओल्या सायलेन्सरच्या, म्हणजे धुरात थंडाव्याचं पाणी सोडणाऱ्या बोटीत इंजिन लागत नाही म्हणून सेल्फ मारत राहणं सर्वांत घातक. पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये, तिथून रिंगांवरून खाली उतरतं. सेल्फ लांबला तर पाण्याची तोटी बंद करा आणि इंजिन लागताच उघडा. इंजिन एकदम अडकलं, तर इंजेक्टर काढल्याशिवाय पुन्हा फिरवू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हेड गॅस्केट आणि कूलंटच्या गळतीसाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि इथे बडोद्याची एक खासियत ध्यानात ठेवा. हे ट्रान्सफॉर्मरचं शहर आहे. इथे तेलातलं पाणी म्हटलं की आधी ट्रान्सफॉर्मर तेल समोर येतं, ज्यात पाणी दशलक्षात काही भागांत मोजतात आणि नमुना थेट कार्ल फिशर यंत्रात, म्हणजे रासायनिक अभिक्रियेने पाणी मोजणाऱ्या यंत्रात, सोडतात. इंजिन ऑइलमधली झिंक-कॅल्शियमची रसायनं त्या यंत्रातल्या अभिक्रियेत लुडबुड करतात आणि पाणी फुगवून दाखवतात. म्हणून ओव्हन पद्धतीने, म्हणजे तेल तापवून फक्त त्याची वाफ यंत्रात सोडून, करून मागा, आणि फॉर्मवर ‘वापरलेलं इंजिन ऑइल’ असं ठळक लिहा. सोबत सोडियम, पोटॅशियम, बोरॉन, सिलिकॉन मागा आणि नव्या तेलाचा नमुनाही द्या. ही मूलद्रव्यं नव्यापेक्षा चढलेली दिसली तर कूलंटचा संशय. परदेशी पुस्तिका सोडियमवरून समुद्राचं पाणी ओळखायला सांगतात. ते भरूचच्या खाली, भरतीच्या पट्ट्यात चालेल. चांदोदला नर्मदेचं पाणी गोडं आहे, सोडियम वाढणार नाही, आणि त्यातलं कॅल्शियम तेलाच्या स्वतःच्या कॅल्शियममध्ये हरवून जाईल. म्हणजे पाणी आहे पण मूलद्रव्यं जागच्या जागी, हा निकाल गोड्या पाण्यात ‘नदी’ असा वाचावा. बाष्पाचाही निकाल असाच येतो, म्हणून तासभर लोडवर चालवायची परीक्षा आधी झालेली हवी.

आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनाच्या, गिअर ऑइलसाठी किट काढायची गरज नाही. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या पुरात प्लॅस्टिकच्या दोऱ्या, साड्या, चिंध्या पंख्याच्या शाफ्टला गुंडाळतात आणि सील कापतात. रात्रभर उभं ठेवून खालचा स्क्रू उघडला की आधी पाणी येतं, मग चहाच्या रंगाचं तेल. सील बदला. नुसतं तेल बदललं तर पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

किट मागवताना पुड्या वेगळ्या मिळतात का आणि त्यांची मुदत किती, ते आधी विचारा. पावसाळ्यात पुड्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवा. फुगलेली किंवा गठ्ठा झालेली पुडी टाकून द्या, ती पाणी असलं तरी कमीच दाखवेल.